बसायचं का?

आषाढीच्या आसपास संपादकांचा फोन आला. यंदाच्या अंकाचा विषय ‘बैठक’. गाण्याची बैठक एकानं घेतली होती, लावणीची दुसरीनं, लग्नाच्या याद्यांची बैठक एका विनोदी लेखकानं आधीच अडवून ठेवली होती. “तुमच्यासाठी दारूची ठेवलीय,” संपादक म्हणाले. मी म्हटलं, तिच्यावर लिहायला माझी गरज काय? निम्मं मराठी साहित्य तिथंच बसलेलं आहे. पण फोन ठेवल्यावर तो शब्द डोक्यातून जाईना.

आपल्याकडं दारू पितात खरी, पण बोलावताना ‘पिऊया का’ असं कुणी म्हणत नाही. ‘बसायचं का?’ एवढंच विचारतात. त्या क्रियापदात दारूचा थेंबही नाही. कुठं, कोणाकोणात, चकणा काय, बिल कोण देणार, बायकोला काय सांगायचं, हे सगळं मात्र त्यात असतं. आता असा विचार करा, की एखाद्यानं खरंच सोडायचं ठरवलं. घरच्यांनी, डॉक्टरांनी, साहेबांनी, सगळ्यांनी त्याला सांगितलं, सोड. त्यानं सोडली. पण संध्याकाळी साडेसात वाजता त्यानं बसायचं कुठं? घरी त्याच्याशी कुणी धड बोलत नाही, मित्र आहेत ते सगळे टेबलापलीकडचे, आणि घड्याळ तर रोज साडेसात वाजवणारच.

या प्रश्नाचं उत्तर देणारी एक बैठक असते, असं ऐकून होतो. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस. बोलताना सगळे ‘ए.ए.’ म्हणतात आणि त्यांच्या बैठकीला ‘मिटिंग’. संपादकांना म्हटलं, दारूच्याच बैठकीवर लिहितो, पण उलट्या बाजूनं. ती सापडते कशी, तिथं शिरायचं कसं आणि आत नक्की काय चालतं, ते बघून येतो.

मागच्या गेटनं

हेल्पलाइनवर फोन केला. उचलणाऱ्याचा आवाज पन्नाशी उलटलेला, मागं कुकरची शिट्टी. हे लोक पगारी नसतात, आपापल्या घरी बसून पाळीपाळीनं फोन घेतात, हे मला नंतर कळलं.

“कोणासाठी विचारताय?”

“माझ्यासाठी नाही. लेख लिहायचाय.”

पलीकडं क्षणभर शांतता, मग हसू. “बरं. बहुतेक जण मित्रासाठी विचारतात. लेखासाठी पहिल्यांदाच ऐकलं.”

माझ्यावर त्यांचा विश्वास बसला नव्हता आणि त्यानं त्यांचं काही अडतही नव्हतं. त्यांनी मला एवढंच सांगितलं, की मिटिंगा दोन प्रकारच्या असतात. ‘क्लोज्ड’ ही फक्त ज्यांना स्वतःची दारू थांबवायची आहे त्यांच्यासाठी. ‘ओपन’ला बायको, भाऊ, डॉक्टर, विद्यार्थी, कोणीही येऊ शकतं. “तुम्ही ओपनला या. आणि बसल्यावर वाटलं, की लेख राहू दे, तर तसं सांगा.”

पत्ता परळमधला होता. महापालिकेची शाळा, पहिला मजला, साडेसात. सात वाजून दहा मिनिटांनी पोचलो तर गेटला कुलूप. बोर्ड नाही, बाण नाही, कागदाचा कपटाही चिकटवलेला नाही. शाळेला एक प्रदक्षिणा घातली. पानाच्या टपरीपाशी इस्त्रीचा शर्ट घातलेला चाळिशीतला एक माणूस उभा होता, तोही मघापासून गेटकडं बघत होता. दुसऱ्या प्रदक्षिणेला आमची नजरानजर झाली आणि दोघांनीही मोबाइल काढले. शेवटी वॉचमनच बाहेर आला आणि रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “बेवड्यांची मिटिंग ना? मागच्या गेटनं जा.”

मी मागच्या गेटकडं वळलो. इस्त्रीचा शर्ट तडक बस स्टॉपकडं गेला.

वर गेल्यावर ही गोष्ट सांगितली तर कुणालाच नवल वाटलं नाही. एक जण म्हणाला, “मी तीन आठवडे गेटला हात लावून परत जायचो. चौथ्या आठवड्यात पाऊस होता, आडोसा म्हणून आत आलो.” बोर्ड नसण्यामागं त्यांचं एक तत्त्व आहे. ए.ए.च्या बारा परंपरांत जाहिरातबाजी बसत नाही. माणसानं आपणहून ओढलं जावं, कुणी ओढून आणू नये. शिवाय खोली बहुधा उसनी असते. कुठं शाळेचा वर्ग, कुठं चर्चचा हॉल, कुठं दवाखान्याची ओपीडी संपल्यावरची बाकं. मुंबईत चर्चच्या आवारात पुष्कळ मिटिंगा भरतात, आणि तिथं इंग्रजी, हिंदी, मराठी अशा भाषांचा हिशेब आधी विचारून घ्यावा लागतो. कारण स्वतःची लाज परक्या भाषेत सांगता येत नाही. किंवा उलट, काहींना ती परक्या भाषेतच सांगता येते. मला दोन्ही प्रकारची माणसं भेटली.

पत्ता शोधण्याची वाट साधी आहे, फक्त ती कुणी सांगत नाही. ए.ए.चं संकेतस्थळ आणि हेल्पलाइन. व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडताना हातात दिलेला कागद. एखाद्या जाणत्या फॅमिली डॉक्टरच्या ड्रॉवरमधलं कार्ड. व्यसनासाठी सरकारचा १४४४६ हा मोफत क्रमांक आहे आणि मनाच्या आजारांसाठी ‘टेली-मानस’चा १४४१६. पण मला भेटलेल्या बहुतेकांना पत्ता मिळाला होता तो दुसऱ्या पिणाऱ्याकडून. म्हणजे ज्या वाटेनं दारू आली, त्याच वाटेनं.

तिसरीच्या बाकावर

वर्ग तिसरीचा होता. बाकं इतकी बुटकी, की मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसली होती. भिंतीवर ऋतूंचा तक्ता आणि त्याखाली ‘स्वच्छतेचे नियम’. खिडकीच्या गजांना सुतळीनं दोन कापडी फलक बांधलेले: एकावर बारा पायऱ्या, दुसऱ्यावर बारा परंपरा. स्टीलच्या थर्मासमधून कागदी कपांत चहा. वीस-बावीस जण असतील. सूट-बूटवाला एक, रिक्षावाल्याचा खाकी शर्ट घातलेला एक, दोन म्हातारे, कॉलेजातून नुकताच बाहेर पडला असावा असा एक पोरगा आणि शेवटच्या बाकावर एक बाई.

मिटिंग चालवायला त्या दिवसापुरता एक जण असतो. अध्यक्ष, चिटणीस अशी कायमची पदं नाहीत. सेवा फिरती असते. चहा करणाराही फिरता, किल्ली सांभाळणाराही फिरता. सुरुवातीला थोडी शांतता, मग थोडं वाचन. मग ‘शेअरिंग’. एकेक जण बोलतो. आधी नाव, फक्त पहिलं. मग ‘मी मद्यपाशी’. सगळे नावानं नमस्कार करतात.

‘मद्यपाश’ हा शब्द मी तिथं पहिल्यांदा ऐकला आणि मला तो फार आवडला. व्यसन म्हटलं, की आपल्या कानाला त्यात चैन, चूक, लाड ऐकू येतात. पाश म्हटलं, की फास दिसतो. अर्थात सगळेच तो वापरत नाहीत. एक म्हातारबा उठले आणि सरळ म्हणाले, “मी बेवडा.” वॉचमनच्या तोंडचीच शिवी, पण इथं ती ओळखपत्रासारखी निघाली.

म्हातारबा गिरणीत होते. “पगाराच्या दिवशी बायको गिरणीच्या पुढच्या गेटवर उभी राहायची. म्हणून मी मागच्या गेटनं सटकायचो. आता बघा, इतकी वर्षं झाली, इथं पण मागच्याच गेटनं येतोय.” वर्ग खदखदून हसला. हे हसणं मला अपेक्षित नव्हतं. मी रडणं ऐकायची तयारी करून गेलो होतो.

कुणी बोलत असताना मध्ये कुणी बोलत नाही आणि बोलून झाल्यावर कुणी उत्तर देत नाही. ऐकायला ही गोष्ट किरकोळ वाटते. पण आपल्याकडं पाच माणसं जमली, की एक अध्यक्ष होतो, एक आभार मानतो आणि उरलेले तिघं सल्ला देतात. इथं कॉलेजातला पोरगा उठला, म्हणाला, “शीतपेयाच्या बाटलीत क्वार्टर ओतून ऑफिसात न्यायचो. आज एकोणिसावा दिवस. काल खूप वाटलं, की घ्यावी. घेतली नाही. संपलं.” आणि खाली बसला. कुणी ‘शाब्बास बाळा’ म्हणालं नाही, ‘योगासनं कर’ म्हणालं नाही. टाळ्या वाजल्या, पुढचा उठला. त्याला जे सांगायचं ते पुढच्या माणसानं स्वतःचीच गोष्ट सांगून सांगितलं. त्याचाही एकोणिसावा दिवस कधीतरी होऊन गेला होता आणि विसाव्या दिवशी त्यानं घेतली होती. ऐकणाऱ्यानं काय घ्यायचं ते घ्यावं.

शेवटी कापडी पिशवी फिरली. मी शंभराची नोट टाकली. शेजारच्यानं ती हळूच बाहेर काढून माझ्या खिशात ठेवली. “बाहेरच्यांचे घेत नाही आपण.” वर्गणी नाही, फी नाही. सदस्य जे देतील त्यातच चहा, भाडं आणि पुस्तकं भागवायची आणि बाहेरून पैसा घ्यायचा नाही, ही त्यांची सातवी परंपरा. सरकारचं अनुदान नको, कंपन्यांची देणगी नको, उदार लेखकाचे शंभरही नकोत. महाराष्ट्रात एवढी मोठी, जगात सुमारे १८० देशांत पसरलेली आणि तरी देणगीच्या पावतीपुस्तकाशिवाय चाललेली संस्था मी दुसरी पाहिलेली नाही.

लॉबीतला फोन

या सगळ्याची सुरुवातही पत्ता शोधण्यापासूनच झाली आहे, म्हणून ती सांगतो. मे १९३५. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं अ‍ॅक्रन शहर. बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा एक शेअरबाजारातला माणूस धंद्यासाठी आलेला, धंदा फसलेला. दारू सोडून पाच-सहा महिने झालेले. मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत तो उभा होता. एका बाजूला बार, तिथून गप्पांचा आवाज येतोय. दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि शहरातल्या चर्चची यादी. त्याच्या लक्षात आलं, की आत्ता आपल्याला वाचवू शकेल असा एकच माणूस आहे: या शहरातला दुसरा दारुडा. त्यानं एकामागून एक फोन फिरवले. शेवटी एका बाईंनी त्याची गाठ डॉक्टर रॉबर्ट स्मिथ या सर्जनशी घालून दिली. डॉक्टर म्हणाले, पंधरा मिनिटं देतो. ते काही तास बसले. १० जून १९३५ला डॉक्टरांनी शेवटचा घोट घेतला आणि तीच तारीख ए.ए.चा जन्मदिवस धरतात.

मला यातली गंमत वाटते ती ही, की विल्सन डॉक्टरला सुधारायला गेला नव्हता. तो स्वतःला वाचवायला गेला होता. आजही मिटिंगमध्ये जुने लोक नव्याचे आभार मानतात, ते ऐकताना आधी नाटकी वाटतं. “तू आलास म्हणून माझी आजची संध्याकाळ निघाली.” चार मिटिंगांनंतर मला कळलं, की ते अक्षरशः तसंच आहे.

भारतात हे लोण १९५७ साली आलं, दिल्लीत, कॅनडातून आलेल्या एका सदस्यामुळं. तिथून ते मुंबईला पोचलं. मुंबईत तेव्हा दारूबंदी होती, हे इथं लक्षात घ्यायला हवं. १९४९चा दारूबंदी कायदा आजही महाराष्ट्रात जिवंत आहे. त्याच्या हिशेबानं प्यायला परवाना लागतो. पिणाऱ्याला परवाना आणि सोडणाऱ्याला मागचं गेट, असा आपला न्याय.

एकच, पण पहिला

मराठी माणसाला दारूविषयी जे काही माहीत आहे, त्यातलं बरंचसं गडकऱ्यांनी सांगितलेलं आहे. ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आला १९१९ साली, गडकरी गेल्यावर महिन्याभरात. सुधाकर, सिंधू, तळीराम आपल्या घरातले झाले. त्या नाटकातलं तळीरामाचं आर्य मदिरा मंडळ आठवा. सभासद, नियम, भाषणं, ठराव, सगळं आहे त्यात. गडकऱ्यांनी विनोदासाठी काढलेलं ते मंडळ मला परळच्या वर्गात बसून सारखं आठवत होतं. तळीरामाला नेमकं ठाऊक होतं, की माणूस दारूला आधी बळी पडत नाही, मंडळाला पडतो. सिंधूकडं मंडळ नव्हतं. सुधाकरनं सोडायचं ठरवलं तेव्हा त्याला बसायला दुसरी जागाच नव्हती. अ‍ॅक्रनची भेट व्हायला अजून सोळा वर्षं होती.

नाटकाच्या नावातली खोच ए.ए.वाले वेगळ्या तऱ्हेनं सांगतात. घरचे म्हणतात, आठ घेतोस त्याच्या दोनच घे. ते म्हणतात, आठवा प्याला कधीच दोषी नसतो, दोषी पहिलाच असतो. रेल्वेखाली सापडलेल्याला शेवटच्या डब्यानं मारलेलं नसतं, असं एका मोटरमननं समजावलं. पहिला टाळला, की पुढचे सात मोजायचं काम उरत नाही.

आणि तो टाळायचा किती दिवस? इथं आपल्या जुन्या रिवाजापासून त्यांची वाट वेगळी होते. आपल्याकडं दारू सोडायची म्हणजे शपथ. पोराच्या डोक्यावर हात ठेवून, भंडारा उचलून, नाहीतर पंढरीची माळ घालून. माळेनं हजारो घरं वाचवली आहेत, ती टिंगल करायची गोष्ट नाही. गाडगेबाबांच्या कीर्तनांनी गावंच्या गावं हलवली. माळकऱ्यालाही संगत मिळते, दिंडी मिळते, एकादशी मिळते. पण शपथ जन्माची असते, आणि एकदा मोडली, की माणूस देवाचाही गुन्हेगार होतो. मग तो दुप्पट पितो. मिटिंगमध्ये जन्माचं कुणी बोलतच नाही. ‘आजचा दिवस.’ फार जड झालं तर आजचा तासच. सत्तावीस वर्षं न प्यालेला माणूस मी विचारल्यावर म्हणाला, “आज नाही घेतली.” मला वाटलं, विनय आहे. विनय नव्हता, हिशेबाची पद्धतच ती होती.

मोडलं तर त्याला ‘स्लिप’ म्हणतात. नऊ वर्षांनी घसरलेले एक गृहस्थ मी एका मिटिंगला पाहिले. घरातल्या लग्नात कुणीतरी सरबत म्हणून हातात ग्लास दिला, वासानं कळलं, आणि त्यांनी तो खाली ठेवला नाही. तीन महिने गेले. परत आले तेव्हा ‘आज माझा पहिला दिवस’ म्हणाले आणि त्यांना जागा करून देण्यासाठी बाकावरची माणसं सरकली. कुणी विचारलं नाही, की असं कसं केलंत. घरी मात्र ते वाक्य रोज विचारलं जात होतं, असं त्यांनीच सांगितलं.

यादी आणि उधारी

बारा पायऱ्या म्हणजे काय, याचं व्याख्यान मी देणार नाही. पण मधल्या दोन-तीन पायऱ्यांची जमिनीवर जी कामं चालतात ती बघण्यासारखी आहेत. चौथीत आपल्या स्वभावाची झाडाझडती वहीत लिहायची. पाचवीत ती एका माणसाला वाचून दाखवायची, बहुधा ‘स्पॉन्सर’ला. हा स्पॉन्सर म्हणजे आधी वाट चाललेला एक जण, ज्याला रात्री दीडलाही फोन करता येतो. आठवीत आपण कोणाकोणाचं नुकसान केलं त्याची यादी. नववीत, जिथं भरपाई करताना कुणाला नव्यानं इजा होणार नसेल तिथं, जाऊन भरपाई करायची.

एका सुताराच्या यादीत एकेचाळीस नावं होती. त्यातला विसाव्या नंबरचा किराणावाला. सतरा वर्षांपूर्वीची उधारी. सुतार सांगत होता, “पैसे घेऊन गेलो तर दुकानात त्यांचा मुलगा. वडील वारले म्हणाला. जुनी वही नव्हती. मला आकडा आठवत होता, त्याला माहीतच नव्हता. तो घेईना, मी हलेना. शेवटी म्हणाला, काका, दुकानाचं फडताळ मोडलंय तेवढं करून द्या.” फडताळ करून दिलं. सुताराला आता त्या गल्लीतून मान वर करून जाता येतं, आणि मला वाटतं, अध्यात्म वगैरे जे काही म्हणतात ते इथं एवढ्याच रुंदीचं असतं.

देवाचा प्रश्न मात्र येतोच. पायऱ्यांमध्ये आपल्याहून मोठ्या शक्तीवर भार टाकायला सांगितलं आहे. पुढंच ‘जसा ज्याला समजला तसा देव’ अशी पळवाटही ठेवली आहे. काहींचा विठ्ठल असतो, काहींचा येशू. एका निरीश्वरवाद्यानं सांगितलं, “माझी मोठी शक्ती म्हणजे हा ग्रुप. माझ्यापेक्षा वीस माणसं मोठी आहेतच की.” ज्यांना तेवढंही पटत नाही, त्यांच्यासाठी महाराष्ट्रात दुसरी दारं आहेत. साताऱ्यात नरेंद्र दाभोलकरांनी उभं केलेलं ‘परिवर्तन’ आहे. पुण्यात येरवड्याला २९ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू झालेलं ‘मुक्तांगण’ आहे. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे हलले, त्यांनी पैसा उभा केला आणि डॉ. अनिता अवचटांनी मनोरुग्णालयाच्या आवारात केंद्र उभारलं. तिथल्या काही आठवड्यांच्या मुक्कामापेक्षा मला महत्त्वाची वाटते ती नंतरची, गावोगावची पाठपुराव्याची बैठक. वांद्र्याला फादर जो परेरांनी १९८१ साली सुरू केलेलं ‘कृपा’ आहे. ते स्वतः त्या वाटेनं गेलेले, आणि त्यांनी अय्यंगारांचा योग त्यात आणला. नाव कोणतंही असो, सगळीकडं शेवटी खुर्च्या गोलात मांडलेल्या असतात.

याचा उपयोग होतो का? २०२० साली कॉक्रेन या संस्थेनं २७ अभ्यास आणि १०,५६५ माणसं एकत्र घेऊन तपासणी केली. रुग्णाला पद्धतशीरपणे ए.ए.शी जोडून देणाऱ्या उपचारांनंतर वर्षभरानं ४२ टक्के लोक पूर्ण कोरडे होते, इतर मान्य मानसोपचारांनंतर ३५ टक्के. म्हणजे जादू नाही, पण फुकट चहात मिळणाऱ्या गोष्टीसाठी हे कमी नाही. दुसरी बाजूही तितकीच खरी: निम्म्याहून अधिक लोक वर्षात कुठंतरी घसरतातच.

आणि एक सावधगिरी, जी मिटिंगमधले शहाणे लोकही सांगतात. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं एका रात्रीत, घरच्या घरी, जिद्दीनं बंद करू नये. हात थरथरणं पुढं झटक्यांपर्यंत जातं. दोन-तीन दिवसांनी भास होतात, माणूस नसलेल्या मुंग्या झटकू लागतो. यात मृत्यूही येतो. त्याला औषधं आहेत, आधी डॉक्टर हवा. तसंच बायकांना कुणीतरी सुचवतं, की चहातून गोळी घाला. नवऱ्याला न सांगता ती दिली आणि वर तो प्याला तर जिवावर बेततं. मिटिंग हा दवाखाना नाही. दवाखान्यातून बाहेर पडल्यावरच्या साडेसात वाजताचं ते औषध आहे.

पलीकडची खोली

एका शाळेत दोन वर्ग उघडे होते. एकात ए.ए., पलीकडच्यात ‘अल-अनॉन’, म्हणजे पिणाऱ्याच्या घरच्यांची मिटिंग. ती १९५१ साली सुरू झाली आणि तिच्या संस्थापकांत खुद्द बिल विल्सनची बायको लोइस होती. अलीकडच्या खोलीत हशा होता, पलीकडच्या खोलीत मात्र फार शांतता. एक ताई म्हणाल्या, “मी बाटल्यांवर खडूनं खुणा करायचे. ऑफिसात फोन करून ‘ह्यांना ताप आहे’ म्हणायचे. अठरा वर्षं मी त्यांची दारू सांभाळली, जशी काही ती माझीच नोकरी होती.” त्यांना तिथं सांगतात, की ही दारू तू लावली नाहीस, तू ती आवरू शकत नाहीस आणि बरीही करू शकत नाहीस. बाईच्या जातीला हे ऐकायला किती वेळ लागत असेल! आमच्याकडं सिंधूचं कौतुक शंभर वर्षं चाललंय. मुक्तांगणमध्ये अशा बायकांच्या गटाला ‘सहचरी’ म्हणतात. तो शब्दही चांगला आहे.

आणि पहिल्या दिवशी शेवटच्या बाकावर बसलेली ती बाई? ती कुणाची बायको म्हणून आलेली नव्हती. २०१९च्या सरकारी पाहणीत देशात दारू पिणाऱ्यांत पुरुष सतरा आणि बाई एक असं प्रमाण निघालं. वर्गातही तसंच होतं. “माझा नवरा प्यायचा तेव्हा त्याला सगळ्यांनी ‘बिच्चारा’ म्हटलं,” ती मला जिन्यात म्हणाली. “मला कोणता शब्द मिळाला असेल, तुम्हीच लिहा.” ती मुंबईच्या दुसऱ्या टोकाहून येते. जवळचा ग्रुप चालत जाण्याच्या अंतरावर आहे, पण तिथं सोसायटीतला कुणीतरी येतो.

२०२०च्या टाळेबंदीत वर्ग बंद झाले आणि मिटिंगा मोबाइलवर गेल्या. मे महिन्यात दारूची दुकानं उघडली, रांगांचे फोटो सगळ्यांनी पाहिले. त्याच संध्याकाळी छोट्या चौकोनांतली माणसं ‘आजचा दिवस’ म्हणत बसली होती. तिच्यासारख्यांना तो पडदा सोयीचा पडला. दुबईहून, न्यू जर्सीहून एखादा जण मराठीत बोलायला मिळावं म्हणून पहाटेचा गजर लावून येतो. पण पडद्यावर चहा नसतो आणि बाक सरकत नाही, अशी जुन्यांची तक्रार आहे.

गुरुवारची वही

२०१९च्या त्या सरकारी पाहणीतला एक आकडा मला सारखा टोचत होता. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या दर ३८ जणांत एकालाच कसलेही उपचार मिळतात. शहरात आठवड्याच्या सातही दिवशी कुठं ना कुठं मिटिंग असते. तालुक्याच्या गावी काय? म्हणून शेवटी घाटावरच्या एका बाजारगावी गेलो. मिटिंग गुरुवारी, कारण गुरुवारी आठवडी बाजार. त्या दिवशी गावात असायला कुणालाही कारण लागत नाही.

खोली ग्रामपंचायतीच्या जुन्या वाचनालयाची. किल्ली एका निवृत्त एसटी मेकॅनिककडं. अण्णा म्हणू त्यांना. ते सातला आले, झाडून घेतलं, सतरंजी टाकली, फलक टांगला आणि दाराशी चपला अशा मांडल्या, की आत कुणीतरी आहे हे रस्त्यावरून दिसावं. समोरच परमिट रूम. तिच्या दाराशी पंधरा मोटारसायकली.

मी विचारलं, गावात अनामिक राहणं जमतं का? अण्णा म्हणाले, “अनामिक? अहो, मी गटारात पडायचो तेव्हा पोरं माझं नाव घेऊन ओरडायची. मी प्यायचो हे अख्ख्या तालुक्याला माहीत. बंद केली हे कुणाला माहीत नाही. आजही चालताना ठेच लागली तर लोक म्हणतात, लागली वाटतं.”

साडेसात झाले. कुणी आलं नाही. पावणेआठला एक जण दारात थांबला, चपलांकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं, “इथं पोस्टाचं खातं उघडतात का?” म्हणाला. अण्णा म्हणाले, “नाही, पण बसा की.” तो हसला आणि गेला. “येईल,” अण्णा म्हणाले. “पोस्टाचं विचारलं म्हणजे दोन-तीन महिन्यांत येईल. मी गॅसच्या नंबराचं विचारलं होतं.”

मग त्यांनी मिटिंग सुरू केली. डोळे मिटून शांतता. वाचन, मोठ्यानं, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं. नाव सांगितलं, मद्यपाशी म्हणाले आणि थांबले. सदस्य नसलो तरी मी नमस्कार केला. ते वीस मिनिटं बोलले, बहुतेक त्या आठवड्यातल्या एका बारशाबद्दल, जिथं त्यांना कुणी बोलावलं नव्हतं आणि पहिल्यांदाच त्याचा राग आला नाही. शेवटी कापडी पिशवी काढली. मी पन्नासची नोट पुढं केली. त्यांनी मान हलवली, खिशातून दहाचं नाणं काढून पिशवीत टाकलं, पिशवी उलटी करून तेच नाणं मोजलं आणि वही उघडली.

वहीत तीन रकाने होते. तारीख, हजर, जमा. नावं नव्हती. हजरच्या रकान्यात मी वरून खाली बघत गेलो: १, १, २, १, १, ३, १, १, १.

“एकटेच असता, तरी उघडता?”

“एकटा कुठं? मी येतो ना,” ते म्हणाले. पेन जरा वेळ कागदावर धरून ठेवलं, माझ्याकडं बघितलं, आणि ‘१’ लिहून जमाच्या रकान्यात दहा रुपये मांडले. मग सतरंजीचं एक टोक माझ्या हातात दिलं, घडी घालायला.